महाबळेश्वरची हॉटेलं कुठं जातात?

मावशी आणि काका लग्न झाल्यावर महाबळेश्वरला गेले ते १९७६ च्या डिसेंबरात. लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही सगळी भाचरं त्यांना घेऊन पुन्हा वर गेलो. आर्थर सीट जागेवर होता, वेण्णा तलावात होड्या होत्या, बाजारात भाजलेले चणे आणि चपला होत्या. ते दोघं उतरले होते ते हॉटेल मात्र काही केल्या सापडेना. टॅक्सीवाल्याला नाव माहीत नव्हतं, घोडेवाल्यालाही नाही. शेवटी चपलांच्या दुकानातल्या एका आजोबांनी पत्ता लावला. "त्याचं नाव तीनदा बदललं. मग पाडलं. आता तिथं गाड्या लावतात." काकांनी त्या पार्किंगच्या कडेला मावशीला उभं करून फोटो काढला.

घरी आल्यावर मी मामांना विचारलं. मामा जावळी खोऱ्यातले. चौतीस वर्षं महाबळेश्वर आणि पाचगणीच्या हॉटेलांत कुक होते. पाच हॉटेलं झाली त्यांची, त्यातलं आज एकच चालू आहे, तेही दुसऱ्याच नावानं. ते म्हणाले, "हॉटेल म्हंजे काय घर हाय व्हय, एकदा बांधलं आन् झालं? हॉटेल दरसाल उभं करावं लागतंय."

दरसाल उभं करावं लागतं म्हणजे काय, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. महाबळेश्वर नावाची मुळात दोन गावं आहेत. एक क्षेत्र महाबळेश्वर, जिथं कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी गोमुखातून पडतं. तिथं यात्रेकरू शेकडो वर्षं येत आले आहेत. दुसरं गाव तिथून काही किलोमीटरवर आहे, बाजार, पॉइंट आणि बहुतेक हॉटेलं असलेलं. ते नवं आहे. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगर चढून आला, त्याच्या नावाचा पॉइंट आजही आहे. पुढं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी ही थंड जागा हेरली. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला. डोंगरमाथ्यावरची जमीन इंग्रजांना मिळाली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव. हे खंडाळा आपल्या पुणे-सातारा रस्त्यावरचं, लोणावळ्याजवळचं नव्हे. वरच्या वस्तीला माल्कम पेठ नाव पडलं. साताऱ्याहून वर येणारा रस्ता महाराजांनी बांधून दिला. १८३४ पासून तीस वर्षं इथं चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. वरच्या कित्येक रस्त्यांना आणि बटाट्याच्या, भाजीच्या वाफ्यांना त्या परक्या मुलखातल्या माणसांचे हात लागलेले आहेत. आपण पॉइंटांची नावं पाठ करतो, त्या कैद्यांतलं एकही नाव आपल्याला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे हे गाव पोट भरायला वसलं नाही, हवा खायला वसलं. शेतीवर जगणाऱ्या गावाचं कारण त्याच्या मातीतच असतं. हवेच्या गावाचं कारण खाली, मुंबई-पुण्यातल्या माणसाच्या मनात असतं. ते बदललं की वरची इमारत तशीच उभी राहते, पण तिचं हॉटेल संपतं.

सुरुवातीचं कारण होतं सरकार. उन्हाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर गव्हर्नरांचा मुक्काम वर असे. त्यांच्या मागं कचेऱ्या, कचेऱ्यांच्या मागं अर्ज घेऊन येणारे, संस्थानिक, मुंबईचे पारशी आणि गुजराती व्यापारी. ज्यांचे स्वतःचे बंगले नव्हते त्यांची हॉटेलं. हे लोक दोन रात्रींसाठी येत नसत. येण्याचीच यातायात मोठी होती. आधी बोटीनं कोकणात उतरायचं आणि पालखीत बसून घाट चढायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली तेव्हा वाठार स्टेशनला उतरून टांग्यानं वाई, पसरणी घाट, पाचगणी असं मजल दरमजल वर यायचं. एवढं करून आलेला माणूस महिना-दीड महिना राहणारच. म्हणून जुन्या हॉटेलांची बांधणी पाहा: लांब व्हरांडा, बसायची वेगळी खोली, मागं नोकरांच्या खोल्या, न्हाणीघराला मागून उघडणारं दार, म्हणजे पाणी आणणारा माणूस घरातून न जाता परस्पर आत येईल.

स्वातंत्र्यानंतर सरकारच वर येऊन बसण्याची ती रीत संपली. मुंबईचा मध्यमवर्ग एसटीनं आणि मोटारींनी येऊ लागला, आठवडाभरासाठी. मग नवविवाहित जोडपी, शाळांच्या सहली. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परतणारा पाहुणा जन्माला आला. त्याला व्हरांडा नको, गाडी लावायला जागा हवी. नोकराची खोली नको, चोवीस तास गरम पाणी हवं. महिनाभर राहणाऱ्या एका कुटुंबासाठी बांधलेली चार दालनं त्याला कामाची नाहीत. ती तोडून आठ खोल्या करायच्या तर आठ न्हाणीघरं घालावी लागतात, आणि जुन्या जांभ्याच्या भिंतीतून नळ फिरवायचे म्हणजे ती भिंत दुबळी करायची. बऱ्याच ठिकाणी मालकांनी हिशोब केला आणि पाडून नवंच बांधणं पत्करलं.

पाचगणीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथं एकेकाळी लोक आजार घेऊन येत. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा उंचावरची कोरडी हवा, ऊन, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता. पाचगणीला पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणून ती जागा निवडली गेली. डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांचं बेल-एअर आरोग्यधाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. रुग्णाला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना महिनोन्‌महिने राहावं लागे, त्यांच्यासाठी घरगुती जेवणाच्या खानावळी आणि खोल्या चालत. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढच्या दीड-दोन दशकांत क्षय गोळ्या-इंजेक्शनांनी घरच्या घरी बरा होऊ लागला. ही माणसाच्या इतिहासातली केवढी चांगली बातमी! पण त्याच बातमीनं त्या खोल्या रिकाम्या केल्या. हॉटेल बंद पडलं की आपण मालकाचा निष्काळजीपणा शोधतो. इथं कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

आता जमिनीकडे येऊ, कारण सगळ्यात कमी बोललं जातं ते तिच्याबद्दल. माल्कम पेठेतले कितीतरी बंगले आणि हॉटेलं ज्या जमिनीवर उभी आहेत ती मालकाची नाही, सरकारची आहे. इंग्रजांनी प्लॉट पाडले आणि भाडेपट्ट्यानं दिले. भाडेपट्टा म्हणजे ठरावीक वर्षांसाठी जमीन वापरायचा हक्क. इमारत तुमची, खालची माती सरकारची. मुदत संपली की नूतनीकरण मागायचं, ते होईलच असं नाही. शिवाय पट्ट्यात अटी असतात. जमीन राहण्याच्या बंगल्यासाठी दिलेली असेल आणि तुम्ही तिथं हॉटेल चालवलंत, तर तो शर्तभंग ठरू शकतो, आणि शर्तभंग झाला की जागा सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येते.

आपल्याकडं दुसऱ्याचं रान खंडानं, म्हणजे ठरलेला मोबदला देऊन, करायला घेणारे पुष्कळ आहेत. खंडाच्या रानात कुणी विहीर पाडत नाही, बांधावर आंबा लावत नाही. खत घालतो तेही यंदाच्या पिकापुरतं. पट्ट्याची आठ-दहा वर्षं उरलेला हॉटेलवाला तसाच वागतो. छप्पर बदलायचं तर मोठा खर्च, बँक अशा जागेवर कर्ज द्यायला कचरते, मग पत्र्यावर डांबर फासून एक पावसाळा काढायचा. त्यात मूळ पट्टेदार वारलेला, वारस चार ठिकाणी पांगलेले, एक परदेशात. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत इमारत थांबत नाही.

आणि मग पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. साताऱ्यात वर्षभरात हजारेक मिलिमीटर पडतो, तेवढ्यानं तुलना करून पाहा. २०२१ च्या जुलैत, २२ तारखेच्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत, महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. साताऱ्याचा अर्ध्याहून जास्त वर्षाचा पाऊस एका दिवसात. आंबेनळी घाटाचा रस्ता तेव्हा जागोजागी तुटला होता.

हा पाऊस वरून सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. भिंतीवर फवारा मारल्यासारखा, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. मधल्या वेळात धुकं असतं, म्हणजे काही वाळतच नाही. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. मे अखेरीस बंगल्यांच्या पश्चिमेच्या भिंतींना गवताच्या जाड ताट्या बांधायचे, छपरं शाकारायचे, खालपर्यंत सगळं गवतानं झाकून टाकायचे, आणि गाव चार महिने मिटून घ्यायचं. पुढं गवताची जागा पत्र्यानं घेतली, मग प्लास्टिकच्या कागदानं. मामा सांगतात, सीझनचा शेवटचा पाहुणा गेला की दुसऱ्या दिवशी गाद्या एका खोलीत रचून शेगडी पेटती ठेवायचे. तरी सप्टेंबरात दार उघडलं की बुरशीचा वास नाकात बसे. पडदे, उशा, लाकडी कपाटांची दारं, सगळं पुन्हा. त्यांचं "दरसाल उभं करावं लागतंय" ते इथून आलेलं.

सिमेंटच्या इमारतीला हा त्रास कमी असेल असं वाटतं. पण काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. बारीक भेगेतून पाणी आत गेलं की सळी गंजते, आणि गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं. ते आतून फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट फोडतं. भेग मोठी होते, पाणी आणखी आत जातं. खाली वाईत जी इमारत पन्नास वर्षं सहज उभी राहील ती वर निम्म्या वयात म्हातारी दिसते. जांभ्याचं उलट आहे. हा दगड खाणीत ओला असताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवा लागली की कडक होतो. छिद्रांमुळं पाणी पितो, पण आत गंजण्यासारखं काही नसतं. उतरतं छप्पर आणि रुंद व्हरांडा ठेवला की जांभ्याची भिंत शंभर वर्षं निघते. हवापालटाला येणाऱ्याला आवडतात एवढ्याचसाठी नव्हे, भिंत वाचवायलाही ते व्हरांडे होते.

हाच जांभा डोंगराच्या माथ्यावर टोपीसारखा बसलेला आहे, खाली काळा कातळ आणि दोहोंच्या मध्ये चिकणमातीचा थर. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून मातीपर्यंत येतं आणि तिथून झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. पाच नद्या इथं उगम पावतात त्या या रचनेमुळं. पण उतारावर पाया खणण्यासाठी ही टोपी कडेनं कापली, झऱ्याची वाट बुजवली, तर पाणी त्या मातीत साठतं, माती साबणासारखी होते आणि वरचा भाग घसरतो. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये हॉटेलांच्या दारात टँकर का दिसतात, याचंही उत्तर इथंच आहे. पाणी उतारावरून आणि छिद्रांतून खाली निघून जातं. गावाला आधार आहे तो १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधलेल्या वेण्णा तलावाचा, आणि पाहुणे सगळ्यात जास्त असतात नेमके तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं.

पैशाचा हिशोब थोडक्यात. समजा तीस खोल्यांचं हॉटेल आहे. वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर विकायला १०,९५० खोल्या-रात्री झाल्या. आता एप्रिल-मेचे पन्नासेक दिवस, दिवाळीचे पंधरा, नाताळाचे दहा आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार व जोडून सुट्ट्यांचे पन्नास धरा. एकशे पंचवीस दिवस सगळं भरलं तरी ३,७५० होतात, म्हणजे एक तृतीयांशाच्या जरा वर. पगार, वीजबिल, कर, डागडुजी मात्र बारा महिन्यांची. मंडईतली भाजी आज नाही गेली तर उद्या निम्म्या भावात जाते. कालची रिकामी खोली आज कुणालाच विकता येत नाही. म्हणून एक मोठा सीझन हातचा गेला तर वर्ष जातं. मार्च २०२० च्या टाळेबंदीनं तो आख्खा उन्हाळा गिळला, तेव्हा कितीतरी कामगार खोऱ्यात परतले आणि त्यातले काही पुन्हा वर गेलेच नाहीत.

अशा धंद्यात थकलेला मालक एक वाट काढतो. हॉटेल चालवायला देतो. कुणीतरी येतो, डिपॉझिट भरतो, वर्षाची ठरलेली रक्कम देतो आणि नवी पाटी लावतो. त्याला दोन-तीन वर्षांत पैसे काढायचे असतात. गळती त्याची नाही, मालकाची. मालक म्हणतो, चालवतो त्यानं बघावं. मामांचं चौथं हॉटेल असं गेलं. सहा वर्षांत तीन चालवणारे आले, प्रत्येकानं मेन्यू बदलला, छपराकडं कुणीच पाहिलं नाही. शेवटच्यानं मामांचे दोन महिन्यांचे पगार बुडवले. मामा त्याबद्दल फार बोलत नाहीत, स्वयंपाकघरातली मोठी पितळी पातेली भंगारात गेली याचं दुःख मात्र अजून सांगतात.

मग टिकतं काय? महाबळेश्वर क्लब १८८१ चा, आजही चालू. क्लबला दर सीझनला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. सभासद तेच मालक आणि तेच पाहुणे, आणि छप्पर गळलं तर वर्गणी काढणारेही तेच. पाचगणीच्या निवासी शाळा पाहा. आरोग्यधामं मागं पडली, शाळा राहिल्या, काही तर एकशे वीस वर्षांहून जुन्या. शाळेत मुलं वर्षातले नऊ-दहा महिने राहतात, फी आधी भरली जाते, आणि दरवर्षी नवी तुकडी येतेच. इमारती हॉटेलांसारख्याच, पाऊसही थोडाबहुत तोच, पण रिकाम्या रात्री नाहीत.

२००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी हा सुमारे १२४ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. जंगल आणि शेतीची जमीन इतर वापराकडं वळवण्यावर, झाडं तोडण्यावर, खाणींवर, भूजल उपशावर बंधनं आली. स्थानिक लोकांना याचा जाच झाला, हे खरं आहे. घरात मुलांची लग्नं झाली म्हणून एक खोली वाढवायची तरी कागदांचं भेंडोळं घेऊन फिरावं लागतं, आणि त्याच वेळी कुठल्यातरी उतारावर एका रात्रीत स्लॅब पडलेला दिसतो. तरीही ही बंधनं नसती तर झऱ्यांच्या तोंडावर आज खोल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडतो तो याच नियमांमुळं, आणि काही हॉटेलं तशीच गेली, ती गेल्याची हळहळ मला वाटत नाही.

आता वर जागा उरली नाही म्हणून नजर खाली वळली आहे. 'नवीन महाबळेश्वर' नावाच्या नव्या थंड हवेच्या ठिकाणाच्या प्रकल्पासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण, म्हणजे कुठं काय बांधायचं याचा आराखडा ठरवणारी संस्था, म्हणून नेमलं गेलं. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली, कोयनेच्या जलाशयाकडची शेकडो गावं त्यात येतात. रस्ते होतील, पोरांना मुंबईला जावं लागणार नाही, असं गावात बोललं जातं, आणि ती आशा खोटी नाही. या खोऱ्यातली किती पिढ्या माणसं मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत ओझी वाहत आली आहेत.

पण एक फरक आहे, तो समजून घेतला पाहिजे. माल्कम पेठेत हॉटेल संपलं की जमीन सरकारकडं परत जायची तरी शक्यता असते. खोऱ्यातली जमीन पट्ट्याची नाही, ती कुणब्याच्या सात-बाऱ्यावरची आहे. आज ती एकदा विकली गेली आणि वीस वर्षांनी लोकांचं येण्याचं कारण बदललं, तर हॉटेल जाईल, खरेदीखत जाणार नाही. वरच्या गावानं दोनशे वर्षांत सरकारी मुक्काम, आजारी माणसं आणि महिनाभराचे पाहुणे असं एकेक येताना आणि जाताना पाहिलं. खालच्या गावांनी अजून एकही पाहिलेलं नाही.

मामांची सव्वा एकर जमीन आहे, वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, तिच्यात नाचणी आणि थोडं भात. मागच्या कोपऱ्यात एक झरा आहे, मेमध्येही कळशी भरते. गेल्या दिवाळीत गाडी घेऊन दोघं आले होते, चहा प्यायले, झऱ्याचा फोटो काढला आणि एकराचा भाव सांगून गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा येतो म्हणाले. मामांनी मला फोन करून विचारलं, भाडेपट्ट्यानं देता येतं का, आणि दिलं तर कागदात काय काय लिहून घ्यायचं. ते आम्ही आता वकिलाकडून नीट लिहून घेतोय, झऱ्याची अट सगळ्यात वर.